मांडीतलं तळं आणि मापाने शिवलेला रेनकोट : दोन पावसाळे वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, दुकानाचं नाव विचारू नका कारण दुकानाला नावच नाहीये. नाशिकला रविवार कारंज्याकडून भद्रकालीकडे जाताना एका बोळात बॅगा, ताडपत्र्या, गाड्यांची कव्हरं शिवणारे एक काका बसतात, बाहेर बोर्ड नाही, वर्षभर शाळेच्या बॅगांच्या चेन बदलून देतात आणि मे महिना लागला की मापं घेऊन रेनकोट शिवतात. त्यांच्याकडून शिवून घेतलेला रेनकोट मी आता दोन पावसाळे वापरलाय. वापरलाय म्हणजे रोज, सातपूरहून त्र्यंबकच्या पुढच्या एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा आणि परत, जाऊन येऊन ७० किलोमीटर, स्कूटीवर. त्यामुळे एकदा घालून आरशासमोर फोटो काढून पाच स्टार देणाऱ्यांपेक्षा माझं ऐका.

आता थोडं मागे जावं लागेल, नाहीतर रेनकोटचं एवढं कौतुक का ते कळणार नाही.

मी मूळची येवल्याची. जिल्हा नाशिकच, पण पावसाच्या बाबतीत वेगळाच देश आहे तो. सह्याद्रीला धडकून ढग वर चढतात, गार होतात आणि सगळा माल इगतपुरी त्र्यंबकच्या डोक्यावर रिकामा करतात, इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या येवल्यापर्यंत येताना त्यातलं उरतं ५०० च्या आसपास. एकाच जिल्ह्यात. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आला की सगळे ओट्यावर येऊन बघायचे, मातीचा वास घ्यायचे, आजी हात जोडायची, आणि शाळेत जाताना आलाच तर गोणपाटाची खोळ डोक्यावर. रेनकोट नावाची वस्तू घरात कोणाकडेच नव्हती, लागलीच नाही कधी. म्हणजे खरं तर मला पाऊस आवडायला हवा होता ना, पाहुणा आवडतोच. पण लग्न होऊन सातपूरला आले, मग शाळा मिळाली त्र्यंबकच्या पुढे, आणि कळलं की पाहुणा चार महिने मुक्कामाला राहिला तर काय होतं.

पहिला जुलै मी अक्षरशः रडत काढलाय. महिरावणीपर्यंत साधी भुरभुर असायची, तळेगावच्या आसपास रिपरिप, अंजनेरी आली की डोंगरच गायब आणि समोरून आडवा पाऊस, आडवा म्हणजे हेल्मेटच्या काचेवर कोणीतरी बादलीने मारतंय असा. शाळेत पोचेपर्यंत ओढणी पिळायची, पाय पांढरे पडलेले, सुरकुतलेले, आणि मग पाच वाजेपर्यंत त्याच ओल्या कपड्यांत पाढे घ्यायचे. घरी कपडे वाळायचे नाहीत, चार दिवस दोरीवर राहून त्यांना तो कुबट वास यायचा, मी इस्त्री करून वाळवायचे तर तो वास अजून खुलायचा. मी तेव्हा रोज सकाळी उठून पहिली गोष्ट काय करायचे तर खिडकीतून आभाळाला शिव्या. सासूबाई म्हणायच्या, अगं त्याला काय शिव्या देतेस, त्याच्यावर गंगापूर धरण भरतं आणि त्याच्यावर तू आंघोळ करतेस. बरोबर होतं, पण मोजे ओले असताना बरोबर गोष्टी ऐकवत नाहीत.

त्या दोन वर्षांत तीन रेनकोट झाले. पहिला ४५० चा, पातळ प्लॅस्टिकचा, आठव्या दिवशी स्कूटीच्या हुकात अडकून टर्रकन बगलेपर्यंत. दुसरा ऑनलाइन, ९०० चा, लेबलवर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ, आतून चंदेरी लेप होता तो ऑगस्टमध्ये पापडासारखा सुटायला लागला आणि माझ्या काळ्या ड्रेसवर चमकी पडली, मुलं म्हणाली मॅडम लग्नाला जाऊन आल्या का. तिसरा चांगला महाग, २२०० चा, कंपनीचं नाव घेत नाही, कापड खरंच उत्तम, वरून एक थेंब आत नाही. पण.

हा पण टू व्हीलर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे. आपण गाडीवर बसतो तेव्हा मांडीत एक खड्डा तयार होतो, जॅकेटवरून ओघळलेलं सगळं पाणी तिथे येऊन साठतं, छान तळं होतं, आणि नेमकी त्या तळ्याच्या तळाशी पँटची शिवण असते. चारही बाजूंच्या शिवणी जिथे येऊन मिळतात ना, ती जागा. कापड कितीही भारी असू द्या, शिवण म्हणजे सुईने पाडलेली शंभर भोकं, वरून चिकटवलेली टेप एकदा सुटली की संपलं, त्यात बसून बसून ती जागा सारखी ताणली जाते. मग काय होतं, वरून कोरडे, खालून कोरडे, आणि मधेच ओले. त्या अवस्थेत वर्गात उभं राहून शिकवायचं म्हणजे काय ते मी इथे सविस्तर लिहीत नाही, बायकांना कळेल आणि पुरुषांनाही कळेल.

तर आमच्या शाळेतल्या एका सरांनी या काकांचं सांगितलं. गेले तर काका म्हणाले, ताई, उभ्याने माप घेत नाही मी, गाडीवर बसा. दुकानासमोर त्यांची एक जुनी स्कूटर उभी आहे, चालत नाही, माप घेण्यापुरतीच आहे, त्याच्यावर बसायचं, हँडल धरायचं, आणि मग ते पाठ, बाही, मांडी, गुडघा असं सगळं बसलेल्या अवस्थेत मोजतात. मला हसायला आलं, भर बाजारात बंद स्कूटरवर हँडल धरून बसलेली मी, येणारे जाणारे बघतायत. पण विचार केला तर इतकी साधी गोष्ट आहे, हात पुढे केला की बाही वर सरकते, मनगट उघडं पडतं, तिथून पाणी कोपरापर्यंत, आणि रेडिमेड सगळे रेनकोट उभ्या माणसाच्या मापाचे असतात. उभ्याने गाडी कोण चालवतं?

मांडीच्या तळ्याचं सांगितलं तर काकांनी मान हलवली, म्हणाले सगळे त्याच्यासाठीच येतात. त्यांची युक्ती अशी की तिथे शिवणीच जुळवायच्या नाहीत, पायजम्याला टाकतात तशी एक मोठी कळी टाकायची, अखंड कापडाची, आणि शिवणी मांडीखाली मागे न्यायच्या जिथे पाणी साचतच नाही. शिवाय जॅकेटला समोरून एक जादा पदर, बसल्यावर गुडघ्यापर्यंत येतो, ते त्याला जीभ म्हणतात. पाणी त्या जिभेवरून दोन्ही बाजूंनी खाली जातं.

कापड दाखवायची पद्धत तर मला इतकी आवडली की मी ती नंतर शाळेत मुलांना करून दाखवली. कापडाचा तुकडा घेतला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं, वर पोटली बांधून खिळ्याला लटकवली आणि म्हणाले चहा घेऊ. चहा झाला, पोटलीच्या बुडाला हात लावला, कोरडी. दुसऱ्या स्वस्त कापडाची पोटली शेजारी, तिला घाम फुटलेला. कंपन्याही हेच करतात, फक्त आकड्यात सांगतात, लेबलवर ३००० मिमी, ५००० मिमी लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा खांब उभा केला तरी ते गळत नाही, ५००० म्हणजे पाच मीटर. मला आधी वाटायचं हा पावसाचा आकडा आहे आणि इगतपुरीला जायचं तर ३००० वाला घ्यायला पाहिजे! हसू नका, आमच्या स्टाफरूममध्ये अजून दोघांना असंच वाटत होतं.

किंमत १६५० झाली, जॅकेट पँट दोन्ही, शिलाईसकट. रंग मी पिवळा मागितला कारण अंजनेरीच्या धुक्यात काळा रेनकोट घातलेला माणूस दिसतच नाही, समोरच्या ट्रकवाल्याला तर अजिबात नाही. पिवळा नव्हता, मोरपंखी मिळाला, पण पाठीवर आणि बाह्यांवर रेडियमची पट्टी लावून दिली, तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता तक्रार. मृगाच्या आधी देतो म्हणाले होते, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि दिला आर्द्रा लागल्यावर, तोपर्यंत मी पाच चकरा मारल्या, प्रत्येक वेळी परवा या. एकदा तर माझंच कापड दुसऱ्या कोणाच्या तरी जॅकेटला कापलेलं दिसलं, मोरपंखी तेच, मी काही बोलले नाही पण चेहरा बघून त्यांनी चहा मागवला. पार्किंगचं तर बोलूच नका, त्या भागात गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे वेगळा उद्योग आहे, सरळ शालिमारला लावून चालत जा.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे झालं त्याबद्दल.

रेनकोट मिळाल्यावर पहिल्याच सोमवारी धो धो पाऊस, मी निघाले, अंजनेरीपर्यंत सवयीप्रमाणे मान आखडून, खांदे कानाला लावून, दात आवळून चालवत होते, आणि मधेच लक्षात आलं की मी कोरडी आहे. मनगट कोरडं, मान कोरडी, मांडीत तळं साचलेलं डोळ्यांनी दिसतंय आणि आत काही नाही. मग मी कशासाठी दात आवळलेत? मी गाडी बाजूला घेतली, का घेतली माहिती नाही, इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिले. टोपीवर पाऊस वाजत होता. दोन वर्षं त्याच रस्त्याने गेले पण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, आतून ऐकू येतो ना तसा, पत्र्याच्या घरात गोधडीत असल्यावर येतो तसा. समोर अंजनेरीच्या कड्यावरून पांढऱ्या रेघा उतरल्या होत्या, मधेच ढग आला की पुसल्या जायच्या, परत उमटायच्या. शेतात आवणी चालली होती, बायका वाकून भात लावत होत्या, कोणाच्या पाठीवर इरलं, कोणाच्या डोक्यावरून प्लॅस्टिकचा घोंगता, आणि त्या चक्क गप्पा मारत होत्या, हसत होत्या, चिखलात पोटऱ्यांपर्यंत पाय.

इरलं बघितलंय का कधी जवळून? बांबूच्या कामट्यांचं, वरून पानं नाहीतर हल्ली प्लॅस्टिक, पाठीवर होडी पालथी घातल्यासारखं, वाकल्यावर पाठ पूर्ण झाकते आणि दोन्ही हात मोकळे. म्हणजे काकांनी जे केलं तेच, काम करतानाच्या मापाचं. उभ्या माणसासाठी इरलं नाहीच.

त्यानंतर मी सकाळी दहा मिनिटं लवकर निघायला लागले. एवढाच बदल. घाई नसली की पाऊस वेगळा दिसतो, आणि एकदा दिसायला लागला की लक्षात येतं तो रोजचा एक नाहीच. भुरभुर वेगळी, जिच्यात केसांवर साखर पडल्यासारखं होतं. सर वेगळी, येते आणि जाते, तिच्यासाठी फाट्यावरच्या शेडमध्ये थांबायचं, तिथे मक्याची कणसं भाजणारी एक मावशी असते, लिंबू तिखट मीठ चोळून देते, आणि चार अनोळखी माणसं एकाच दिशेला बघत उभी असतात. झड वेगळी, ती लागली की आठवडा गेला. सासूबाईंना तर पावसाची सगळी वंशावळ पाठ, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, पंचांगात बघून या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव ते सांगतात, आणि पडतील मघा म्हणून एक म्हण सुरू करतात जिचा पुढचा भाग सभ्य लोकांत सांगत नाहीत, ज्यांना माहिती त्यांना माहिती. मी ते सगळं आधी ऐकून सोडून द्यायचे. आता मी घरी आल्यावर त्यांना रिपोर्ट देते, आज तुमचा म्हातारा जोरात होता म्हणून.

शाळेतही एक सुरू केलं. उभ्या सरळ बाटलीचं तोंड कापून उलटं तिच्यातच बसवायचं, नरसाळ्यासारखं, तळाचा वाकडातिकडा भाग खडे आणि पाण्याने भरून तिथे शून्य धरायचं, बाहेरून पट्टी चिकटवायची, झालं पर्जन्यमापक. पाचवीतला एक मुलगा शाळेच्या शेजारीच राहतो, तो रोज सकाळी साडेआठला मोजतो, कारण हवामान खातंही साडेआठलाच मोजतं हे त्याला सांगितल्यापासून तो आठ पंचवीसला हजर असतो. १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी, हे गणित मुलांनी शाळेच्या ओट्याला लावलं आणि हादरले, एवढं पाणी आपल्या ओट्यावर पडलं? ६४.५ च्या वर गेलं की हवामान खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार, ही यादी भिंतीवर लावलीये. मला सकाळी रस्त्यात उत्सुकता असते आज किती आलं असेल. ज्या पावसाला मी शिव्या द्यायचे त्याचे मार्क बघायला मी जाते. आणि मधल्या सुट्टीत तिसरीच्या पोरी खिचडीच्या रिकाम्या ताटल्या घेऊन पागोळ्यांखाली धरतात, प्रत्येकीचा आवाज वेगळा, ताटलीत पाणी चढत जाईल तसा बदलत जातो, मी पहिल्या वर्षी यासाठी ओरडले होते.

सगळं गोड गोड नाहीये हं. नाशिकमध्ये राहून पावसाचं नुसतं कौतुक करता येत नाही. धरणातून पाणी सोडलं की गोदेला पूर, मग सगळ्या शहराचं एकच विचारणं, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं, पायाला, गुडघ्याला का कमरेला, आमच्याकडे क्युसेकपेक्षा ते माप जास्त चालतं. २००८, २०१६, २०१९ चे पूर लोक अजून विसरले नाहीत, सराफ बाजार, भांडी बाजारातल्या लोकांना तर विचारूच नका. त्यांना जाऊन पावसाची मजा घ्या म्हणायची माझी हिंमत नाही. आणि हवामान खात्याचा रेड अलर्ट असला की मी निघत नाही, घाटाकडच्या बाजूला अजिबात नाही, कितीही भारी रेनकोट असला तरी वाहत्या ओढ्यावरच्या फरशीपुढे त्याचा काय उपयोग.

आता परत रेनकोटवर येते, कारण अजून काही दोष सांगायचे राहिलेत. आतून घाम येतो, भरपूर येतो, रबरासारखा लेप आहे म्हणजे पाणी आत येत नाही तशी वाफ बाहेरही जात नाही, भुरभुर पावसात चालवलं तर बाहेरून भिजला असतात तेवढेच आतून भिजाल. काकांनी दुसऱ्या वर्षी बगलेत पाठीमागे झाकणाखाली जाळी लावून दिली ५० रुपयांत, फरक पडला, निम्मा. वजनाला जड आहे, डिकीत मावतो पण मग डबा मावत नाही. टोपी हेल्मेटच्या आत घातली तर हेल्मेट घट्ट होतं, मी टोपी आत दुमडून फक्त कॉलर उभी ठेवते. वेल्क्रोमध्ये ओढणीचे धागे अडकतात, जुन्या कंगव्याने काढायचे. पायांसाठी काका काही शिवत नाहीत, ते तुमचं तुम्ही बघा, मी मोजे सोडले आणि प्लॅस्टिकच्या सँडल घेतल्या, शाळेत गेल्यावर पाय पुसून कोरडी चप्पल, माझ्या अर्ध्या रागाचं कारण ते ओले मोजेच होते असं आता वाटतं. आणि साडी नेसणाऱ्यांसाठी पँट निरुपयोगी, आमच्या हेडमास्तरीण बाईंनी त्यांच्याकडूनच घोट्यापर्यंतचा लांब कोट शिवून घेतला, मागे चीर ठेवून, तो बरा आहे पण वाऱ्यात उडतो.

निगा कशी राखायची तेही काकांनी सांगितलं होतं आणि मी एकदा मोडून बघितलं म्हणून सांगते. मशीनला लावू नका, साबणाच्या पावडरीत भिजवू नका, लेप जातो. साध्या पाण्याने चिखल काढायचा, उलटा करून सावलीत, उन्हात नाही. घरी आल्यावर गोळा करून दारामागे टाकायचा नाही, आमच्याकडे दाराच्या बाहेर एक हँगर कायमचा लागलाय. ऑक्टोबरमध्ये हस्ताचा पाऊस गेला की पूर्ण वाळवून घडी न घालता टांगून ठेवायचा, घडीवर लेपाला चिरा पडतात. दोन वर्षांत माझी शिवण एकदाच सुटली, डाव्या गुडघ्याजवळ, ती फुकट करून दिली, म्हणजे परवा या म्हणाले आणि तिसऱ्या परवाला दिली.

जाणार असाल तर मे लागताच जा, ऑर्डर देताना गाडीवर ज्या चप्पल घालता त्याच घालून जा, पँटची उंची त्यावर ठरते. स्वतःची पर्स पोटाशी लावून गाडी चालवत असाल तर ती लावूनच माप द्या, मी दिलं नव्हतं, मला जॅकेट पोटावर जरा ताणूनच बसतं. स्टार द्यायचे तर चार, एक परवाचा कापला.

काल सकाळी महिरावणीनंतर असा काही लागला की वायपरवाल्या गाड्यासुद्धा बाजूला थांबल्या होत्या, मी हळूहळू गेले, शाळेत पोचले तर तो पाचवीतला हिरो दारातच, मॅडम ८२, मॅडम ८२. मी तशीच गाडीवर बसलेली, मांडीत तळं, त्यात कुठूनतरी एक पान येऊन तरंगत होतं. उभी राहिले, सगळं पाणी धप्पकन त्याच्या पायावर. आतून कोरडी.